कलावंताचा रोजचा तास



या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी संयोजकांची मनापासून ऋणी आहे. 13 ऑगस्ट 1890 रोजी याच धरणगावात त्र्यंबक बापूजी ठोमरे जन्मले. बालकवींच्या जन्मगावी कवितेविषयी बोलायला उभे राहणे हा मोठा मान आहे, आणि मोठी जबाबदारीही.

अध्यक्षीय भाषणात साहित्यातल्या प्रवाहांचा आढावा घ्यावा, भाषेच्या भवितव्याची चिंता करावी, अशी प्रथा आहे. त्या विषयांवर परिसंवादांत जाणकार बोलणारच आहेत. मी आज कलावंताच्या साध्या दिवसाबद्दल बोलणार आहे. 2024 च्या फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. तीन दिवस सगळा खानदेश पुस्तकांनी आणि माणसांनी फुलला होता. असे तीन दिवस हवेतच. पण लिहिणाऱ्याचे, गाणाऱ्याचे, चितारणाऱ्याचे उरलेले वर्ष कसे जाते? सकाळी नोकरी, दुपारी दुकान, संध्याकाळी घर, आणि त्यातून काढलेला एखादा तास. मला आज सांगायचे आहे ते एवढेच, की कलावंताची खरी मिळकत त्या तासात आहे. सत्कार, पुरस्कार, टाळ्या नंतर येतात, कधी येतही नाहीत. कामातला आनंद मात्र त्याच दिवशी, हातोहात मिळतो. तो ज्याला ओळखता आला, तो कलावंत टिकला.

मी आयुष्यभर शाळेत शिकवत आणि घर सांभाळत लिहीत आले. त्यामुळे हे आनंद मला जवळून ठाऊक आहेत. चार दिवस अडून बसलेली ओळ वह्या तपासताना अचानक सुटते. एसटीत खिडकीशी जागा मिळते आणि एरंडोल येईपर्यंत कथेतल्या दोन माणसांचे भांडण मनात पुरते रंगते. छापखान्यातून आलेल्या प्रुफाला ओल्या शाईचा वास असतो. एखादी अनोळखी बाई बाजारात थांबवून म्हणते, "तुमच्या गोष्टीतली सासू आमच्या घरची." हे आनंद किरकोळ वाटतील. पण वर्षानुवर्षे माणूस लिहीत राहतो तो यांच्याच बळावर.

ही माझ्या एकटीची गोष्ट नव्हे. खानदेशाचा सगळा कलाव्यवहार असाच कामाच्या पोटातून आलेला आहे. धरणगावच्या कापडाची कीर्ती ऐकून सतराव्या शतकात इंग्रजांनी येथे वखार घातली होती. ते कापड विणणाऱ्यांची आणि रंगवणाऱ्यांची नावे इतिहासात उरली नाहीत. पण धाग्याचा पोत आणि रंगाची छटा जमली, तेव्हा मागावरचा तो माणूस सुखावला असेलच, कारण तसे सुख असल्याशिवाय दूरदेशी मागणी यावी असे काम हातून होत नाही.

आता बहिणाबाईंकडे वळते. 1880 साली जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेली ही बाई. अक्षरओळख नाही, लहान वयात लग्न, तरुणपणीच वैधव्य, मुलांची आणि शेताची जबाबदारी. लिहिण्यासाठी वेगळा वेळ त्यांना कोण देणार होते? त्यांनी तो मागितलाही नाही. जाते फिरत होते, चूल पेटत होती, शेतात पेरणी-कापणी चालू होती, आणि त्याच लयीत लेवा गणबोलीतली गाणी होत होती. सुगरणीचा खोपा, घरचे जाते, वारकरी, बैल, मन आणि संसार, समोर आले ते त्यांनी गाण्यात घेतले. जळगावच्या छापखान्यावरसुद्धा त्यांचे गाणे आहे. ज्यांना छापलेले एक अक्षर वाचता येत नव्हते, त्यांना ते यंत्र पाहून गाणे सुचावे, यात कलावंताचा स्वभाव दिसतो. जग पाहून अचंबा वाटणे आणि तो शब्दांत धरता येणे, हा त्यांचा रोजचा आनंद होता. त्यासाठी त्यांना व्यासपीठ लागले नाही.

पण एक गोष्ट लागली, ती म्हणजे ऐकणारा. मुलगा सोपानदेव आणि मावसबंधू पितांबर चौधरी यांनी ती गाणी वेळोवेळी टिपून ठेवली. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. घरात कोणी कागद-पेन्सिल घेऊन बसले नसते, तर महाराष्ट्राला बहिणाबाई मिळाल्या नसत्या. त्यांच्या पिढीत किती घरांतली किती गाणी अशी टिपली न जाता गेली असतील, याचा विचार मला स्वस्थ बसू देत नाही. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्या नावाला साजेसे काम म्हणजे घराघरांतले असे ऐकणारे तयार करणे.

बालकवींची गोष्ट वेगळी आहे. वडील पोलीस खात्यात, म्हणून बदल्यांबरोबर खानदेशातली गावे पालटत गेली. 1907 मध्ये जळगावला पहिले कविसंमेलन भरले आणि तिथे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने आपली कविता म्हटली. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. त्यांनी या मुलाला 'बालकवी' म्हणून गौरवले. कीर्तिकर कोण होते, हे आवर्जून सांगते. ते लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर होते, वनस्पतिशास्त्रज्ञ होते. भारतीय औषधी वनस्पतींवरच्या मोठ्या ग्रंथाशी त्यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. दिवसभर रोगी पाहणारा, झाडांची पाने न्याहाळणारा आणि कविताही करणारा हा माणूस. फुलापानांच्या कवीची ओळख एका वनस्पतिशास्त्रज्ञाला पटावी, याचे मला फार समाधान वाटते. दोघांचे काम एकाच सवयीवर उभे होते: थांबून, नीट पाहण्याच्या.

बालकवींना सुखाचे दिवस फारसे लाभले नाहीत. रेव्हरंड टिळकांच्या घरी त्यांना माया मिळाली; टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये हा हळवा, हट्टी, पोरसवदा ठोमरे आपल्याला भेटतो. शिक्षकाची नोकरी, पैशांची ओढाताण, मनाची उदासी हे सगळे होते. 5 मे 1918 रोजी जळगावजवळ भादली स्टेशनात रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. वय होते सत्तावीस. मागे राहिल्या दीडशेहून थोड्या अधिक कविता, काही अपुऱ्या. त्यात 'औदुंबर' आहे, अवघ्या आठ ओळींची. त्या आठ ओळींवर समीक्षकांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. मला मात्र ती वाचताना एवढेच दिसते, की एक माणूस कुठेतरी पुरता वेळ उभा राहिला आणि त्याने समोरचे सगळे पाहून घेतले. ती मोकळीक त्याच्या चणचणीच्या आयुष्यातही होती. दारिद्र्याने बालकवी घडले असे कृपा करून कोणी म्हणू नये. दारिद्र्याने त्यांना छळले. त्यांना घडवले ते ऐकणाऱ्या माणसांनी आणि पाहण्याच्या सवयीने.

तिसरे उदाहरण चाळीसगावचे. केकी मूस यांचा जन्म 1912 चा. लंडनला कला शिकून ते चाळीसगावला परतले आणि स्टेशनाजवळच्या आपल्या घरात त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे काढली. घराबाहेर ते क्वचितच पडले. पण त्या घरातून टेबलावरच्या छायाचित्रणाचे असे नमुने तयार झाले, की परदेशातल्या प्रदर्शनांत त्यांना पारितोषिके मिळाली. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, प्रकाश हवा तसा वळवायचा आणि पाहणाऱ्याला तिथे आख्खे निसर्गदृश्य दिसावे असे छायाचित्र घ्यायचे. शिवाय चित्रे, माती आणि लाकडातले काम, कागदाच्या घड्या, सतार. 1989 साली ते गेले. ते घर आज संग्रहालय म्हणून पाहता येते. प्रत्येकाने घरात कोंडून घ्यावे असे मी म्हणत नाही. पण एक खोली, एक टेबल आणि त्यावर रोज बसण्याची निष्ठा यांतून तालुक्याच्या गावीही जगाच्या तोडीचे काम होते, याची साक्ष ते घर देते. संधी मुंबई-पुण्यालाच असते असे म्हणणाऱ्या आपल्या तरुणांनी एकदा ते घर पाहून यावे.

रोजच्या निष्ठेची आणखी दोन ठिकाणे सांगते. 1924 ते 1930 या काळात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' हे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. वाचक मोजके, पण समोर वावरणारे. पुढे 'श्यामची आई' लिहिणाऱ्या हाताला अशा लेखनाने वळण लागले. आणि 1985 साली पुरुषोत्तम पाटील यांनी धुळ्याहून 'कवितारती' सुरू केले, निव्वळ कवितेला वाहिलेले द्वैमासिक. असे नियतकालिक चालवायचे म्हणजे पाकिटे फोडणे, अक्षर लावणे, नव्या कवीला पत्राने उत्तर देणे, प्रुफे तपासणे आणि वर्गणीचा हिशेब जुळवणे. या कामाला कोणी टाळ्या वाजवत नाही. पण आलेल्या गठ्ठ्यात एखादी अस्सल कविता सापडते, तेव्हा संपादकाला होणारा आनंद कवीच्या आनंदाहून कमी नसतो.

आता आजचे. आपल्या गावात वहीगायनाची मंडळी आहेत. दिवसभर शेतात राबून रात्री ती जमतात, डफ आगटीवर शेकून ताणून घेतात, आणि डफ नीट बोलू लागला की सगळ्यांचे चेहरे उजळतात. अखाजीला झोक्यावरची आणि कानबाईच्या रात्रीची गाणी म्हणणाऱ्या बाया आहेत. दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर होते. सुताने रेघ आखून एकेक अक्षर डौलात काढायचे. फ्लेक्स आले आणि त्यांचा रोजगार गेला, पण त्यातले कोणी आजही बैलगाडीवर, देवळाच्या भिंतीवर हात चालवतात. हे सगळे कलावंत आहेत. त्यांना आपण कार्यक्रमाला बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो, आणि बसभाड्याचे विचारायचे विसरतो. हे बरोबर नाही. कामातला आनंद हा कलावंताचा स्वतःचा. त्या आनंदाकडे बोट दाखवून त्याचे मानधन बुडवण्याचा अधिकार समाजाला नाही.

बायकांबद्दल वेगळे बोलायलाच हवे. आपल्या घरांत लिहिणारी बाई आजही सगळ्यांची जेवणे झाल्यावर, ओटा पुसल्यावर वही काढते. वर्षाचे पापड, बिबडे, शेवया, लोणची हे सगळे तिच्या हातून होते, आणि त्यातही कला आहेच. पण कवितेसाठी तिला दिवसातला शिणलेला तास मिळतो, ताजा मिळत नाही. बहिणाबाईंनी जात्यावर गाणी रचली हे त्यांचे मोठेपण. ते पुढे करून आजच्या सुनेला तासभर न देणे हा आपला कोतेपणा ठरेल.

म्हणून या व्यासपीठावरून मी चार गोष्टी मागते. संमेलने आणि मंडळे भरवणाऱ्यांनी निमंत्रणातच मानधन आणि प्रवासखर्च लिहावा आणि तो कार्यक्रमाच्या दिवशीच द्यावा. महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्यामुळे गावोगावी वाचनालये उभी राहिली. त्या वाचनालयांनी संध्याकाळी एक शांत टेबल लिहिणाऱ्यांसाठी राखून ठेवावे. शाळांनी वर्षातून एकदा तरी गावातल्या वहीगायकाला, पेंटरला, कवीला वर्गात बोलवावे आणि मुलांना त्याच्या शेजारी बसवून काम पाहू द्यावे. आणि घरातल्या पुरुषांनी लिहिणाऱ्या, गाणाऱ्या बाईसाठी रोजचा एक तास स्वतः स्वयंपाकघरात उभे राहून मोकळा करून द्यावा. यांतल्या एकाही गोष्टीला सरकारी मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

माझ्या तरुण लेखक मित्रांनाही एक सांगणे आहे. पुरस्कारांची यादी पाहू नका, आपली वही पाहा. रोज थोडे लिहा, आणि लिहून झाल्यावर जो आनंद होतो तो पुरता घ्या. तो घेणे हा आळस नव्हे, उद्याच्या कामाचे ते बळ आहे. अहिराणी, लेवा, मराठी, जी बोली तुमच्या घरात बोलली जाते तिची लाज बाळगू नका. बहिणाबाईंनी बाळगली नाही, म्हणून आज त्या आपल्या आहेत.

आणि शेवटी आपणा सर्वांना विनंती. घरी गेल्यावर आईजवळ, आजीजवळ, शेजारच्या म्हाताऱ्या वहीगायकाजवळ बसा. त्यांना येणारे गाणे म्हणायला सांगा. मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, वहीत उतरवून घ्या, खाली त्यांचे नाव, गाव आणि तारीख लिहा, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. सोपानदेवांनी केले ते आपल्यातल्या प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे. पुढच्या संमेलनात आपण भेटू तेव्हा प्रत्येकाच्या हातात अशी एक वही असावी, एवढे मागून मी आपली रजा घेते.

जय हिंद, जय महाराष्ट्र.