संशोधनाचा प्रस्ताव तुमच्या वहीतून सुरू होतो



"आमच्या क्षारपड रानावर विद्यापीठ संशोधन का करीत नाही?" हा प्रश्न वाळवा, मिरज, पलूस भागातील बहुतेक मेळाव्यांत विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजण्यासाठी संशोधनाला पैसा कसा मिळतो ते पाहू.

कृषी विद्यापीठांतील अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांचा 75 टक्के खर्च भारतीय कृषी अनुसंधान परिषद व 25 टक्के राज्य शासन करते. याशिवाय ठराविक प्रश्नासाठी ठराविक मुदतीचे प्रकल्प मिळतात. त्यासाठी शास्त्रज्ञाला प्रस्ताव लिहावा लागतो. तो विद्यापीठामार्फत केंद्राकडे जातो आणि तज्ज्ञ तो तपासतात. प्रश्न किती क्षेत्रावर आहे? पूर्वी काय काम झाले? काय मोजणार? खर्च किती?

माझ्या पहिल्या प्रस्तावात मी "नुकसान फार मोठे आहे" असे लिहिले होते. आकडा नव्हता. प्रस्ताव परत आला. शेरा होता, "आधारभूत माहिती नाही." वाईट वाटले, पण शेरा खरा होता. पुढे एका शेतकऱ्याच्या वहीत प्रत्येक हंगामाचा उसाचा उतारा तारखेसह सापडला. माझा दुसरा प्रस्ताव त्या वहीच्या आधाराने लिहिला गेला.

संशोधनाला वेळही लागतो. सातारा जिल्ह्यातील पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र 1932 सालचे. कोइमतूरचा को 86032 हा वाण तेथील चाचण्यांनंतर 1996 मध्ये प्रसारित झाला. क्षारपड जमिनीतही तग धरणारा फुले 265 आला 2007 मध्ये. वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या म्हणूनच हे वाण आपल्या हाती आले.

तेव्हा आपण पुढील गोष्टी कराव्यात.

1. मातीचे नमुने 0 ते 30, 30 ते 60 व 60 ते 90 सें.मी. अशा थरांतून वेगवेगळे घ्यावेत. सामू, क्षारता व सोडियमचा अहवाल जपून ठेवावा.

2. विहिरीची पाणीपातळी मे व ऑक्टोबरमध्ये मोजून लिहावी.

3. गट क्रमांक, वाण, लागणीची तारीख, पाण्याच्या पाळ्या व खते यांची नोंद ठेवावी. कारखान्याची वजनपावती वहीत चिकटवावी.

4. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा गावातील बाधित शेतकऱ्यांनी एकत्रित क्षेत्राची यादी करून कसबे डिग्रज किंवा पाडेगाव केंद्रास द्यावी.

5. तुमच्या रानात प्रयोग झाला, तर तुलनेसाठी सोडलेल्या सऱ्यांना जिप्सम टाकू नये. "त्या तरी उपाशी का ठेवायच्या?" असे वाटते, पण टाकले की तुलना संपते आणि वर्ष वाया जाते.

प्रस्ताव इंग्रजीत लिहिणे आमचे काम आहे. त्यातील आकडे मात्र तुमच्या रानातूनच यायचे आहेत. या हंगामापासून एक वही घाला, एवढीच विनंती.