व्यसनमुक्तीचें केंद्र निवडतांना

मुलाला शाळेंत घालावयाचें झालें म्हणजे मध्यमवर्गीय घरांत सहा-सहा महिने आधीं चौकशी सुरू होते. शिक्षक कसे आहेत, वर्गांत मुलें किती, फी काय, घरापासून अंतर किती, हें सारें दहा जणांना विचारून मगच नांव घातलें जातें. मुलीचें स्थळ पाहावयाचें असलें तर या चौकशीला अंतच राहत नाहीं. परंतु घरांतील कर्त्या पुरुषाची दारू सुटावी म्हणून त्याला कोठें ठेवण्याची वेळ आली, कीं हींच चौकस माणसें एका रात्रींत निर्णय घेतात. आणि तोही शेजाऱ्यांना ऐकूं जाऊं नये म्हणून दार लावून.

गिरगांवांतील एखाद्या चाळींतलें घर डोळ्यांपुढें आणावें. रात्रीचे अकरा वाजले आहेत. बाहेरच्या खोलींत नवरा बेशुद्धासारखा पडला आहे. स्वयंपाकघरांत त्याची बायको आणि धाकटा दीर बसले आहेत. दिरानें फोनच्या पडद्यावर तीन जाहिराती काढल्या आहेत. पहिलींत बागेचें आणि कारंजाचें चित्र आहे. दुसरींत ‘शंभर टक्के खात्री’ असें मोठ्या अक्षरांत लिहिलें आहे. तिसरी दिराला सर्वांत सोयीची वाटते. तो म्हणतो, “वहिनी, हे लोक उद्यां पहाटें गाडी घेऊन येतात. दादाला आधीं कांहीं सांगावेंच लागत नाहीं.” वहिनी थोडा वेळ गप्प राहतात आणि मग विचारतात, “पण भाऊजी, तिथें ह्यांना मारणार तर नाहींत ना?”

या प्रश्नाचें उत्तर तिन्ही जाहिरातींत नाहीं. तें कसें मिळवावें हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

ही अडचण एका घराची नव्हे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केलेली देशव्यापी पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणें देशांत सुमारें १६ कोटी लोक मद्य घेतात, आणि त्यांपैकीं सुमारें ५ कोटी ७० लक्ष लोकांना त्यापायीं साहाय्याची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या ३८ जणांपैकीं एकालाच कांहीं उपचार मिळाल्याचें आढळलें, आणि दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक. ज्या घराला उपचार लाभतो तें घर इतकें विरळा आहे. मग लाभलेली ती एक संधि केवळ घाईमुळें वाया जाणें परवडणारें नाहीं. एकदां मार खाऊन किंवा फसून परत आलेला माणूस दुसऱ्यांदा कोणत्याही दारांत सहजासहजीं पाऊल टाकीत नाहीं.

पहिला प्रश्न कोणतें केंद्र चांगलें हा नव्हे. रुग्णाला दाखल करण्याची गरज आहे काय, हा पहिला प्रश्न होय. व्यसन हा मेंदूशीं आणि मनाशीं निगडित असा आजार आहे, आणि इतर आजारांप्रमाणें त्याच्याही पायऱ्या असतात. पुष्कळ रुग्णांना घरीं राहून, कामावर जाऊन, मानसोपचारतज्ज्ञाकडे ठराविक दिवशीं जाण्यानें गुण येतो. म्हणून आरंभ रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागांतून करावा. महाराष्ट्रांत वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय असते. ठाणें, पुण्यांतील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथें सरकारचीं प्रादेशिक मनोरुग्णालयें आहेत. घरांतून पाऊल टाकण्यापूर्वीं कोणाशीं बोलावयाचें असेल, तर व्यसनमुक्तीसाठीं १४४४६ हा सरकारी दूरध्वनि आहे, आणि २०२२ सालीं सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’चा क्रमांक १४४१६ आहे. तेथें विचारपूस करण्यास पैसे पडत नाहींत.

दाखल करणें आवश्यक ठरलें, तर तीन प्रकारचीं ठिकाणें समोर येतात. एक सरकारी रुग्णालयांतील विभाग. दुसरीं स्वयंसेवी संस्थांचीं केंद्रें. यांपैकीं कांहीं केंद्र सरकारच्या अनुदानावर चालतात व तेथें खर्च अल्प असतो. तिसरीं खासगी. केवळ प्रकारावरून चांगलें-वाईट ठरत नाहीं. स्वयंसेवी कार्याचीं जुनीं उदाहरणें महाराष्ट्रांत आहेत. फादर ज्यो परेरा यांनीं १९८१ सालीं मुंबईंत कृपा फाउंडेशन सुरू केलें; अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांना त्यांनीं योगाभ्यासाची जोड दिली. पुण्यांत १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनीं मुक्तांगण उभें केलें. गर्दच्या व्यसनाविषयीं अनिल अवचट यांनीं केलेलें लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनीं दिलेल्या देणगींतून त्याचा आरंभ झाला. हीं नांवें येथें घेतलीं तीं शिफारस म्हणून नव्हेत. ज्या कसोट्या पुढें सांगावयाच्या आहेत, त्या कोणत्याही संस्थेला, लहान वा मोठ्या, सारख्याच लावावयाच्या आहेत.

पहिली कसोटी पहिल्या आठवड्याची. रोज पुष्कळ पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकीं बंद झाली, कीं ६ ते २४ तासांत हातांना कंप सुटतो, घाम येतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिटचे झटके येऊं शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कांहीं जणांना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, घरचीं माणसें ओळखूं येत नाहींत. ही अवस्था प्राणावर बेतूं शकते. ती टाळण्यासाठीं औषधें आहेत, आणि मेंदूच्या रक्षणासाठीं ब१ जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, द्यावें लागतें. म्हणून विचारावें: डॉक्टर रोज येतात कीं आठवड्यांतून एकदां? रात्रीं परिचारिका कोण असते? झटका आला तर कोणत्या रुग्णालयांत नेतां, आणि तें किती दूर आहे? “आमच्याकडे औषध लागतच नाहीं, मनोनिग्रहानें सारें होतें,” असें उत्तर मिळालें, तर तेथून नमस्कार करून निघावें.

गर्द किंवा तत्सम अफूजन्य पदार्थांचें व्यसन असेल तर आणखी एक प्रश्न आहे. कांहीं आठवडे पदार्थ बंद राहिला म्हणजे शरीराची त्याला तोंड देण्याची शक्ति उतरते. बाहेर आल्यावर माणसानें मोहाला बळी पडून पूर्वींचीच मात्रा घेतली, तर श्वास बंद पडून मृत्यु येऊं शकतो. बुप्रेनॉर्फिनसारखें औषध दीर्घकाळ चालू ठेवल्यानें हा धोका बराच कमी होतो. असें औषध मिळण्याची सोय केंद्र करतें काय, कीं ‘हें दुसरें व्यसनच’ म्हणून तें बंद करावयास लावतें, हें आधींच विचारून घ्यावें.

दुसरी कसोटी दाराची. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यांत अमलांत आला. मद्य आणि मादक पदार्थ यांच्यामुळें उद्भवणाऱ्या मनोविकारांचाही त्यांत समावेश आहे. या कायद्याप्रमाणें अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी असावी लागते. तें नोंदणीपत्र पाहावयास मागावें. मागणाऱ्यानें संकोच करूं नये, आणि दाखविणाऱ्यानें रागावूं नये.

स्वेच्छेनें दाखल झालेल्या प्रौढ माणसाला सामान्यतः स्वेच्छेनें बाहेर पडण्याचा हक्क आहे. तो स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका होण्याइतका आजारी असेल आणि निर्णय घेण्यास समर्थ नसेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करतां येतें. पण त्यासाठीं दोघांनीं स्वतंत्रपणें तपासावें लागतें, त्यांपैकीं एक मानसोपचारतज्ज्ञ असावा लागतो, आणि ही मुदत पहिल्या खेपेस ३० दिवसांहून अधिक नसते. रुग्णाला साखळीनें बांधण्यास कायद्यानें पूर्ण मनाई आहे. पहाटें गाडी आणून चार माणसांकरवीं झोपेंतून उचलून नेणें ही दिराला सोय वाटली. कायद्याच्या दृष्टीनें तो मार्गच नव्हे.

म्हणून दाखल करण्यापूर्वीं एकदां स्वतः जाऊन यावें. बाग पाहूं नये. संडास, स्वयंपाकघर आणि झोपण्याची जागा पाहावी. एखाद्या रुग्णाशीं कर्मचाऱ्यांच्या माघारीं पांच मिनिटें बोलूं देतात काय तें पाहावें. पत्रें आणि फोन यांवर काय बंधनें आहेत, घरच्यांनीं किती दिवसांनीं भेटावें, तक्रार कोणाकडे करावयाची, हें विचारावें. ‘पहिला महिनाभर कोणींही भेटावयाचें नाहीं’ असा नियम असेल, तर त्याचें कारण मागावें आणि तें पटलें नाहीं तर तेथें माणूस ठेवूं नये. स्त्री-रुग्ण असेल तर तिच्यासाठीं वेगळा विभाग आणि स्त्री-कर्मचारी आहेत कीं नाहींत याची खात्री करावी. पैशाचेंही तसेंच. सांगितलेल्या रकमेंत औषधें, तपासण्या, जेवण हें सर्व आलें काय, मध्येंच घरीं आणल्यास किती परत मिळेल, हें लेखी घ्यावें आणि प्रत्येक रकमेची पावती मागावी.

याच संदर्भांत एका जुन्या खोडीचा उल्लेख केला पाहिजे. डायसल्फिरम नांवाच्या औषधाचा दारूवरील उपयोग १९४८ सालीं डेन्मार्कमधील संशोधकांनीं जगापुढें आणला. तें घेतल्यावर दारू प्याली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. रुग्णाच्या संमतीनें आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीं तें उपयोगी आहे. पण कित्येक घरांत तें आमटींत कालवून गुपचूप दिलें जातें. न कळत घेतलेल्या या औषधावर दारू पडली, तर प्रसंगीं जीव जाऊं शकतो. ‘पेशंटला न सांगतां औषध’ अशी जाहिरात करणाऱ्याला दारांतही उभें करूं नये.

तिसरी कसोटी नंतरच्या वर्षाची, आणि तुलना करतांना लोक हीच विसरतात. मुक्तांगणांतील निवासी उपचार ३५ दिवसांचा आहे. इतरत्र तो याहून कमी-अधिक असतो. परंतु माणसाला जगावयाचें असतें तें त्यानंतर, त्याच गल्लींत, त्याच मित्रांत, त्याच पगाराच्या दिवशीं. म्हणून ‘किती दिवस ठेवतां’ याच्या जोडीला ‘घरीं सोडल्यावर काय करतां’ हें विचारावें. पुनर्भेटीच्या तारखा ठरलेल्या असतात काय? न आल्यास कोणी फोन करतें काय? पुन्हां प्याला तर दार उघडें राहतें कीं अपमान करून हाकलून देतात? या आजारांत घसरणें वारंवार घडतें. मधुमेही माणसाची साखर पुन्हां वाढली म्हणजे उपचार बदलतात, माणसाला टाकून देत नाहींत. येथेंही तेंच धोरण हवें. जो ‘शंभर टक्के खात्री’ देतो, त्यानें घसरणाऱ्याची कांहींच तयारी केलेली नाहीं असें समजावें.

घरच्या माणसांसाठीं काय सोय आहे, हेंही याच कसोटींत येतें. वर्षानुवर्षें खिसे तपासणारी, बाटल्या शोधणारी, साहेबांना खोटें कारण सांगणारी पत्नीही थकलेली असते. तिच्याशीं आणि मुलांशीं स्वतंत्रपणें बोलणारा समुपदेशक असेल तर तें केंद्र उजवें समजावें. १९३५ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रांत मराठींतूनही भरतात, आणि कुटुंबीयांसाठीं अल्-अ‍ॅनॉन हा वेगळा गट आहे. तेथें फी नाहीं आणि नांव विचारलें जात नाहीं.

आतां पुन्हां त्या स्वयंपाकघराकडे वळावें. वहिनींनीं दिराला पहाटेची गाडी बोलावूं दिली नाहीं असें धरून चालूं. त्यांनीं मुलाच्या वहीचें एक पान घेतलें, त्यावर तीन उभे रकाने आंखले आणि डावीकडे प्रश्न लिहिले: डॉक्टर, नोंदणी, भेट, खर्च, नंतर. दोन दिवसांत दीर-भावजय मिळून दोन ठिकाणीं जाऊन आले. तिसऱ्यानें फोनवर नोंदणी-क्रमांक सांगण्याचें टाळलें, तेव्हां तो रकाना तेथेंच कोरा राहिला. रविवारीं सकाळीं, नवरा शुद्धीवर आणि ओशाळलेला असतांना, चहाच्या कपाशेजारीं तो कागद त्यांनीं त्याच्यापुढें ठेवला आणि म्हटलें, “अहो, दोन्ही जागा मी पाहून आलें आहे. यांतली कोणती, तें तुम्हीं सांगायचें.”

तो लगेच हो म्हणेल असें नाहीं. नाहीं म्हणाला तर कागद जपून ठेवावा, तोंवर पत्नीनें स्वतःसाठीं कुटुंबीयांच्या सभेला जावें, आणि पुढच्या रविवारीं पुन्हां विचारावें. एक मात्र खरें. ‘ह्यांना मारणार तर नाहींत ना’ या प्रश्नाचें उत्तर त्यांना आतां ठाऊक आहे. कारण त्या स्वतः जाऊन, तेथील माणसांशीं बोलून आल्या आहेत.