परवाना चालकाचा, घास वारसांचा

श्रोतेहो, ३४ वर्षांचा एक शिंपी दुकान बंद करून पायीं घरीं निघाला आहे आणि मागून भरधांव आलेल्या मालमोटारीनें त्याला जागींच ठार केलें आहे, अशी कल्पना करा. घरीं पत्नी, दोन लहान मुलें व वृद्ध आई. मिळकत दरमहा २०,००० रुपये.

न्यायाधिकरण भरपाई कशी मोजतें? सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ व २०१७ सालच्या निर्णयांनीं रीत घालून दिली आहे. चाळिशीच्या आंतील स्वतंत्र धंदेवाल्याच्या मिळकतींत भावी वाढीचे शेंकडा ४० मिळवावयाचे. म्हणजे २८,००० झाले. चार अवलंबित असल्यानें मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला कीं राहिले २१,०००, वर्षाचे २,५२,०००. या वयास ठरलेला गुणक १६. एकूण रक्कम ४०,३२,००० रुपये. किरकोळ बाबी निराळ्या. एकाच मालमोटारीवर पोट भरणारा मालक एवढी रक्कम कोठून आणणार? म्हणूनच १९३९ च्या मोटार कायद्यांतील सक्तीच्या विम्याचें प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलांत आलें, आणि १९८८ च्या कायद्यानें तोच दंडक पुढें चालविला. हा विमा मोटारीसाठीं नव्हे, रस्त्यावरच्या तिऱ्हाइतासाठीं आहे.

परंतु न्यायाधिकरणापुढें विमा कंपनी म्हणते, “चालकाजवळ वैध परवाना नव्हता, कराराची अट मोडली, आम्ही बांधलेले नाहीं.” ही हरकत घेण्याची मुभा कायद्यानेंच दिली आहे, व ती अवाजवीही नव्हे, कारण कंपनीनें जोखीम पत्करली ती जाणत्या हाताची. पण ज्याचा जीव गेला त्यानें चालकाचा परवाना कधीं तपासावयाचा?

१९८७ सालीं गुजरातेंतील असाच एक दावा सर्वोच्च न्यायालयापुढें आला. परवानाधारक चालक इंजिन चालूं ठेवून खालीं उतरला. परवाना नसलेल्या क्लीनरनें गाडी हांकली आणि एका संसाराचा आधार गेला. न्यायालयानें म्हटलें, मालकानें गाडी परवानाधारकाच्याच हातीं दिली होती. अट त्यानें मोडली नाहीं. तेव्हां कंपनीनें भरपाई द्यावी.

जानेवारी २००४ मध्यें तीन न्यायमूर्तींनीं हें तत्त्व अधिक विस्तारानें मांडलें. परवाना नव्हता, खोटा होता किंवा त्याची मुदत संपली होती, एवढें दाखवून कंपनीची सुटका होत नाहीं. मालकानें जाणूनबुजून अथवा निष्काळजीपणानें अट मोडली, हें सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे. आणि तें सिद्ध झालें तरीही, कंपनीनें आधीं वारसांस पैसे द्यावे व मग मालकाकडून वसूल करावे, अशी आज्ञा न्यायाधिकरण देऊं शकतें. ही वसुली जमीनमहसुलाच्या थकबाकीसारखी होते.

येथें मालकांनीं सावध व्हावें. विधवेच्या हातीं रक्कम पडली म्हणून मालक सुटला असें नाहीं. घराचा ड्रायव्हर आजारी म्हणून शेजारच्या पोराच्या हातीं किल्ली देणाऱ्या सद्गृहस्थाच्या दारींही जप्ती येऊं शकते. उलट, ज्यानें परवाना पाहिला, त्याचें हांकणें पारखलें, त्यानें परवाना खरा कीं खोटा हें परिवहन कचेरींत जाऊन पडताळलेंच पाहिजे असें नाहीं, हें २०२२ सालीं पुन्हां स्पष्ट झालें. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवितां येते, हा वादही ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं घटनापीठानें मिटविला.

परवान्याचा तंटा हा मालक व कंपनी या दोघांचा आहे. त्यांनीं तो खुशाल भांडावा. पण शिंप्याच्या मुलांचें ताट वाढून झाल्यावर.