दुपारच्या उन्हातला बसथांबा

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. महिन्याच्या मध्याला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा बसथांब्याच्या छपराखाली सावली मिळते. चार वाजता मात्र तेच छप्पर निरुपयोगी ठरतं. सूर्य पश्चिमेला कललेला असतो आणि अडीच मीटर उंचीच्या छपराची सावली तीन मीटरहून अधिक पूर्वेला सरकते. बाकडं पूर्ण उन्हात!

म्हणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच साच्याचा थांबा बसवणं चुकीचं आहे. उत्तर-दक्षिण रस्त्यावर पश्चिमेकडे पाठ असलेल्या थांब्याला मागची भिंत वाचवते. समोरच्या थांब्याचं तोंडच पश्चिमेला. त्याला पुढे झुकलेली पडवी हवी, शक्य तिथे कडुनिंबही हवा.

एकेरी पत्रा तापला की खालच्यांनाही भाजतो. वर दुसरा पत्रा टाकून मध्ये वाऱ्याला वाट ठेवली, तर खालचा पत्रा बराच कमी तापतो. बाकड्यालाही लोखंडापेक्षा लाकडी फळ्या बऱ्या.

आणखी एक. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे थांब्यावरच्या माणसाला बस उजवीकडून येताना दिसते. नेमकी तीच बाजू जाहिरातीच्या फलकाने बंद केली, तर प्रवासी रस्त्यावर येऊन उभे राहणारच. सोलापूरजवळच्या कुंभारीहून शहरात येणाऱ्या विडी कामगार बायकांनी हातातलं ओझं सांभाळत रहदारीत का उभं राहावं? जाहिरात पाठीमागच्या भिंतीवर लावता येते.