वहीतल्या ओळी

(पेण येथे महिला मंडळे व बचत गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला आज 'नोकरी करणाऱ्या तरुणींचे प्रश्न' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा आहे. मी मात्र एका मुलीच्या वहीतल्या काही ओळी घेऊन आले आहे. तिला विचारून आणल्यात. तिची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. ती कोण असेल याचा तर्क कुणी करू नये, एवढी विनंती.

मुलगी तेवीस वर्षांची, पेणची, बी.कॉम. झालेली. रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका वाहतूक ठेकेदाराच्या ऑफिसात बिलं करते. सकाळी पेणला गाडी पकडायची; कासू, नागोठणे, निडी करत रोहा. गाड्या मोजक्या. चुकली की एसटी, नाहीतर नागोठण्याहून भिसे खिंडीतून मिळेल त्या वाहनानं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेवढाच खिशाला आधार.

ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, मला तसा काही त्रास नाही. पण फार थकायला होतं." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. मी तिला म्हटलं, महिनाभर एक वही ठेव. दिवसातलं जे मनात अडकून राहील ते लिही. तारीख घाल. चांगलंही लिही.

महिन्यानं वही घेऊन आली. पहिल्याच आठवड्यात लिहिलंय, 'टपरीवरचा मुलगा किटली ठेवून गेला. साहेब म्हणाले, तू वाट, बायकांच्या हातचा बरा लागतो. सगळे हसले. मीही हसले.' मग रोज फक्त 'चहा' एवढंच. महिन्यात असे एकोणीस चहा. ती बिलं करायला नेमलेली आहे, चहाला नाही. पण पहिल्या दिवशी हसली आणि ते तिचं कामच होऊन बसलं.

दुसरी ओळ. 'पाणी प्यायले नाही.' ही बऱ्याच दिवशी आहे. मी विचारलं, का? तर संडासची किल्ली साहेबांच्या टेबलावर. सगळ्यांसमोर जाऊन मागायची. पुरुष मागतच नाहीत, ते मागच्या बाजूला जातात. म्हणून ही सकाळी घरून निघताना जेवढं पाणी पिते तेवढंच. मग थेट संध्याकाळी पेणला आल्यावर. वर्षात दोनदा लघवीच्या जळजळीसाठी डॉक्टरकडे जाऊन आली. औषध घेतलं, कारण कुणाला सांगितलं नाही. कारखान्यात बायकांसाठी वेगळी संडासं हवीत असं १९४८ च्या कारखाना कायद्यातच म्हटलं होतं. हिचं ऑफिस कारखान्याच्या फाटकाबाहेर. तिथे कोण बघणार?

घरचंही लिहिलंय. भाऊ पनवेलहून कामावरून येतो, त्याला पाण्याचा तांब्या हातात मिळतो. ही रोह्याहून येते, तिला कणीक मळायला मिळते. आई दिवसभर गणपतीच्या मूर्तींचं घासकाम करते, नगावर पैसे. पॉलिश पेपरनं तिच्या बोटांची सालं निघालेली असतात. मुलगी लिहिते, 'आईचा राग येतो आणि मग तिची बोटं दिसतात.' पगार खात्यात जमा होतो, एटीएम कार्ड वडिलांकडे. एकदा तिनं मागून घेतलं आणि स्वतःसाठी चपला आणल्या. त्या दिवशीची ओळ आहे, 'चपला लागत नाहीत. भराभर चालले.' मला ही ओळ फार आवडली. आपण अन्याय लिहून ठेवतो, आनंद लिहायचा राहून जातो.

आता वहीतली शेवटची गोष्ट. साहेबांचे रात्री मेसेज येतात. आधी 'पोचलीस का?' मग 'जेवलीस का?' मग फोटोवर शेरे, मग नको तसलं. वाचताना लक्षात येतं, पहिल्या मेसेजात बोट ठेवावं असं काही नव्हतं. तारखांनी ओळीनं लिहिलं म्हणूनच ते कुठे निघालंय हे दिसलं.

इथे मी कायद्याचं सांगते. चहा वाटायला लावणं हा अपमान आहे, पण लैंगिक छळाच्या कायद्यात तो एरवी बसत नाही. हे मेसेज बसतात. १९९२ साली राजस्थानात भंवरीदेवी या साथिनीवर, बालविवाह रोखण्याचं काम केलं म्हणून सामूहिक बलात्कार झाला. त्यातून महिला संघटना कोर्टात गेल्या, १९९७ साली विशाखा निकाल आला आणि २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे मालकानं अंतर्गत समिती नेमायलाच हवी. हिच्या ऑफिसात आठच माणसं. अशांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार घेण्यासाठी तालुक्याला एक अधिकारी नेमायचा असतो. त्यानं सात दिवसांत ती समितीकडे पाठवायची. तक्रार लेखी हवी, शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर मदत करणं हे समितीचं काम. आणि तिथे विचारतात, कधी, काय, किती वेळा. तेव्हा ही वही कामाला येते. मेसेजही पुसू नका.

तिनं तक्रार केली का? अजून नाही. तिच्या पगारावर घराचा हप्ता जातो. आपण तिला भित्री म्हणायचं नाही. निर्णय तिचा, सोबत आपली. मुदत मात्र मी तिला स्पष्ट सांगितली आहे.

किल्लीचं मात्र झालं. त्याच इमारतीतल्या दुसऱ्या दोन ऑफिसांतल्या मुलींशी ती बोलली. त्याही पाणी पीत नव्हत्या! तिघींनी वर्गणी काढून किल्लीची नक्कल करून घेतली आणि जिन्याजवळ खिळ्याला लावली. साहेब म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ?" तिनं उत्तर दिलं, "एवढीशीच होती, तर आधीच व्हायला हवी होती." त्या दिवसापासून चहाही ज्याचा तो ओतून घेतो. म्हणजे सात जण घेतात. साहेबांचा अजून ती नेऊन देते, हेही तिनं प्रामाणिकपणे लिहिलंय.

मी स्वतःची वही ठेवून पाहिली. आमच्या संस्थेच्या बैठकीत स्त्रीमुक्तीवर चर्चा चालू असताना कप कोण विसळतं? तीन बैठकांत तीनदा बायकाच. एकदा तर मीच होते!

तेव्हा दोन गोष्टी करूया. प्रत्येक गटानं तहसील कचेरीत जाऊन विचारायचं, आमच्या तालुक्यात तक्रार घेणारा अधिकारी कोण? नाव-नंबर मंडळाच्या फळ्यावर लिहायचा. नेमलेला नसेल तर तो का नाही, याचा अर्ज आपण सगळ्याजणी मिळून करू. आणि महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की पंधरा मिनिटं वह्यांसाठी ठेवायची. वाचायची सक्ती नाही. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही.

पुढच्या वेळी येताना वही आणा. नोकरी करणाऱ्यांनीही, मूर्ती घासणाऱ्यांनीही.