स्क्रू हलला की रंग गेला
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका गटाच्या ताईंनी सांगितलेला अनुभव)

आमच्या गटाला एका कारखान्याचं अ‍ॅल्युमिनियमचे बारीक स्क्रू तारेला बांधून द्यायचं काम मिळालं. वाटलं, मणी ओवण्यासारखंच की! पहिल्याच खेपेला निम्मे स्क्रू बिनरंगाचे परत आले आणि मजुरी कापली.

मग तिथल्या सुपरवायझर भाऊंना विचारलं. अ‍ॅनोडायझिंग म्हणजे वरून रंग फासणं नव्हे. सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या टाकीत माल बुडवून वीज सोडतात, मग धातूच्याच अंगावर कडक थर तयार होतो आणि रंग त्या थरात मुरतो. वीज येते ती आपल्या तारेतून. पकड सैल, तर थर नाही आणि रंगही नाही. त्यात हा थर स्वतः वीज जाऊ देत नाही. म्हणजे स्क्रू टाकीत जरा सरकला आणि थर चढलेली जागा तारेला टेकली, की काम तिथंच थांबलं.

आमची खरी चूक काटकसरीची होती. एकदा वापरलेली तार आम्ही परत वापरली. तिच्यावरही तोच थर चढलेला, मग वीज कुठून जाणार? आता दर वेळी नवी तार घेतो. तीही अ‍ॅल्युमिनियमचीच. तांब्याची किंवा लोखंडाची तार अ‍ॅसिडमध्ये विरघळते आणि टाकी खराब करते.

बांधायचं कसं? नुसतं लोंबतं ठेवू नका. डोक्याखाली तारेचे दोन वेढे आवळून पीळ द्या, आटे मात्र दबू देऊ नका. तार टेकते तिथं बारीक डाग राहतोच, म्हणून तो कुठं चालेल हे आधी विचारून घ्या. स्क्रू एकमेकांना लागू नयेत. डोक्यातला खड्डा वरच्या अंगाला, थोडा तिरका ठेवा, नाहीतर त्यात हवा अडकते. शेवटी तार कानाशी धरून हलवा. खुळखुळलं, की सोडून परत बांधा.

आणि मजुरी कापायची वेळ आली तर माल स्वतः बघा. मधलेच दोन-चार स्क्रू कोरे असतील तर पकड आपली सैल, ते मान्य करायचं. पण सगळी तारच कोरी आली, तर ती टाकीवर नीट टांगली होती का, वीज बरोबर होती का, हे आधी त्यांना विचारायचं. आम्ही आता कापलेल्या मजुरीवर सही करण्याआधी माल मागून घेतो.