लंपन, गिरणी आणि आपली भाषा



कोणती पुस्तके वाचावीत, हा प्रश्न मला वर्षातून दोन वेळा हमखास विचारला जातो. एकदा मे महिन्याची सुट्टी लागण्यापूर्वी आणि एकदा नाताळाच्या सुमारास. विचारणारे बहुधा पालक असतात, आणि प्रश्नाला शेपूट जोडलेले असते, "बाई, पोरगं मराठी वाचतच नाही, काहीतरी सोपं सांगा." मी बेळगावातील एका मराठी शाळेची साधी शिक्षिका. बारावी आणि त्यानंतरचे अध्यापनाचे प्रशिक्षण, एवढीच माझी विद्या. ग्रंथांची परीक्षा करणे हा माझा अधिकार नव्हे. परंतु पंचवीस वर्षे मुलांसमोर पुस्तके उघडून पाहिल्यावर कोणते पुस्तक वर्गात जागे राहते आणि कोणते झोपी जाते, एवढे मला सांगता येते.

मूल मराठी वाचत नाही ह्याचे कारण पुस्तक अवघड असते हे नसावे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. ते पुस्तक त्याला परक्याचे वाटते, हे खरे कारण आहे. आमच्या सीमाभागातील मूल सकाळी घरी एक मराठी बोलते. तिच्यात कन्नडचा हेल असतो, वाक्याच्या शेवटी 'की' असतो, अण्णा, अक्का, अप्पा हे कन्नडमधून आलेले शब्द तर कोणाला परके वाटतच नाहीत. तेच मूल दुकानात कन्नड बोलते, शिकवणीला इंग्रजी बोलते आणि शाळेत पाठ्यपुस्तक उघडले की पुण्याचे मराठी वाचते. त्याची अशी समजूत होते की पुस्तके ही लांबच्या, नीटनेटक्या माणसांविषयी असतात आणि आपल्या गल्लीतील बोलणे हे चुकीचे असते. ही समजूत करून देण्यात आम्हा शिक्षकांचाही हातभार आहे. मी स्वतः कित्येक वर्षे मुलांच्या वहीतील घरचे शब्द तांबड्या शाईने खोडले आहेत.

ती शाई माझ्या हातून एका पुस्तकाने काढून घेतली. प्रकाश नारायण संत ह्यांचे 'वनवास' हे ते पुस्तक. 1994 साली ते प्रसिद्ध झाले, आणि पुढे 'शारदा संगीत', 'पंखा' व 'झुंबर' अशी आणखी तीन पुस्तके आली. ह्या चारही पुस्तकांचा नायक लंपन हा शाळकरी मुलगा आहे. तो आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांच्या घरी, आपल्याच भागातील एका लहान गावात राहतो. संतांचा जन्म बेळगावचा, 1937 सालचा. व्यवसायाने ते भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, कऱ्हाडला शिकवीत असत. 2003 साली ते गेले. कवयित्री इंदिरा संत ह्या त्यांच्या आई. त्यांचे आयुष्य बेळगावातच, शिक्षकांना शिकविण्यात गेले, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल.

ह्यांतील पहिल्या पुस्तकाला आता तीस वर्षे उलटून गेली. मग ती नवी कशी, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की ज्या घरात ती पोहोचली नाहीत त्या घरात ती नवीच आहेत, आणि बेळगावातील अशी घरे मोजू लागले तर संध्याकाळ सरेल. 2024 साली लंपनवर मालिका आली तेव्हा काही पालकांनी मला विचारले, "बाई, ह्याचं पुस्तकपण आहे काय?"

सातवीच्या वर्गात मी 'वनवास'मधील एक कथा मोठ्याने वाचून दाखविली, त्या दिवसाची गोष्ट सांगते. पावसाळा होता, कौलांवर आवाज चालला होता, आणि वर्गात नेहमीप्रमाणे निम्मी मुले खिडकीकडे पाहत होती. दोन पाने झाली असतील. मागच्या बाकावरचा एक मुलगा एकदम सरळ बसला. त्याचे कुटुंब निपाणीकडून आलेले. आई पूर्वी तंबाखूच्या वखारीत कामाला जात असे. तो फारसा बोलत नसे, कारण बोलला की मुले त्याच्या बोलण्याला हसत. कथा संपल्यावर तो उठला आणि म्हणाला, "बाई, हा आमच्यातलाच दिसतो की! ह्याला पुस्तकात कुणी घातलं?" वर्ग हसला, पण ह्या वेळचे हसणे वेगळे होते. त्याने पुस्तक घरी मागितले. मी दिले.

बारा ते सोळा ह्या वयाच्या मुलामुलींना म्हणून माझी पहिली शिफारस लंपनची. एक सूचना मात्र पालकांना करते. पुस्तक हातात देऊन 'वाच' असे सांगू नका. पहिली कथा तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा. ती भाषा कानाची आहे. डोळ्यांनी वाचताना प्रथम अडखळायला होते, कानावर पडली की घरची वाटते.

त्याहून लहान, म्हणजे आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी अलीकडे फार चांगली पुस्तके निघाली आहेत. सलीम मुल्ला ह्यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध' ह्या पुस्तकाला 2019 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. लेखक शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याचे आणि वनखात्यात काम केलेले, त्यामुळे त्यांचे रान हे पाहिलेले रान आहे. खानापूरच्या बाजूची मुले हे पुस्तक वाचून लगेच आपापल्या जंगलाच्या गोष्टी सांगू लागतात, असा माझा अनुभव आहे. संगीता बर्वे ह्यांच्या 'पियूची वही' ह्या पुस्तकाला तोच पुरस्कार 2022 साली लाभला. ते वाचून झाल्यावर मुलाला एक कोरी वही द्यावी. माझ्या वर्गातील सहा मुलींनी आपण होऊन वह्या लिहायला घेतल्या. त्यांतील चार आठवड्याभरात थांबल्या, दोन अजून चालू आहेत. 'किशोर' मासिक बालभारती 1971 पासून काढीत आहे आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात.

चित्रांच्या पुस्तकांविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. प्रथम बुक्स ह्या संस्थेची लहान मुलांची पुस्तके मराठीतही निघतात आणि कन्नडमध्येही. एकच गोष्ट, तीच चित्रे, दोन लिप्या. ती शेजारी शेजारी ठेवून मी वर्गात वाचून घेते. कन्नडला घाबरणारे मूल चित्रावरून अर्थ ओळखते आणि मग अक्षरे ओळखू लागते. काही मराठी पालकांना हे रुचत नाही. त्यांची वेदना मला कळते. 1956 पासून ह्या भागाने जे सोसले ते माझ्या घराने बाहेरून पाहिलेले नाही. तथापि शेजाऱ्याची गोष्ट वाचल्याने आपली भाषा उणी होते, असे मला कधी दिसले नाही. मुलाला मराठी वाचायला कोणी बसवीत नाही, तेव्हा मात्र ती उणी होते.

आता मोठ्यांविषयी. 'मुलगा वाचत नाही' असे सांगणाऱ्या गृहस्थाला मी हल्ली उलट विचारते, "आपण शेवटचे काय वाचलेत?" बहुधा उत्तर येते, "स्वामी." रणजित देसाई आपल्या शेजारच्या कोवाडचे, 'स्वामी' उत्तमच, पण ती कादंबरी 1962 सालची, आणि ह्या गृहस्थांनी ती कॉलेजात असताना वाचलेली असते.

त्यांना मी निपाणीचे महादेव मोरे सुचविते. 2024 साली मोरे गेले, तेव्हा वर्तमानपत्रांतून चार दिवस त्यांच्याविषयी लिहून आले आणि मग सारे शांत झाले. हा मनुष्य निपाणीत पिठाची गिरणी चालवीत असे आणि त्या पिठाच्या धुरळ्यात बसून कथा-कादंबऱ्या लिहीत असे. दळण घेऊन येणाऱ्या बाया, गाडीचे चालक, गॅरेजमधील पोरे, वखारीत तंबाखूत राबणारे हात, ही त्यांची माणसे. 'एकोणिसावी जात' ही त्यांची कादंबरी मोटार हाकणाऱ्यांच्या जगातील आहे. तिची भाषा काही वाचकांना उग्र वाटेल. मला स्वतःला पहिल्या पन्नास पानांत दोनदा पुस्तक खाली ठेवावे लागले. एका मराठी कॅथलिक घरातील, शब्द जपून वापरण्याची सवय लागलेली मी बाई. पण तिसऱ्यांदा उचलले ते संपवूनच ठेवले. 1981 साली निपाणीत तंबाखू उत्पादकांचे आंदोलन झाले, गोळीबार झाला, तेव्हा साऱ्या देशाने निपाणीचे नाव ऐकले. त्या गावातील माणसे आंदोलन नसलेल्या दिवशी कशी जगतात, हे समजून घ्यायचे तर मोऱ्यांकडे गेले पाहिजे. त्यांची काही पुस्तके दुकानात मिळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. वाचनालयात विचारावे.

त्याच मातीला लागून असलेली दुसरी कादंबरी म्हणजे कृष्णात खोत ह्यांची 'रिंगाण'. खोत पन्हाळ्याच्या परिसरातील. ह्या पुस्तकाला 2023 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. धरणामुळे गाव सोडावे लागलेली माणसे आणि मागे राहून रानटी झालेली म्हैस, असा तिचा विषय. हिडकलच्या पाण्यात गेलेले हुन्नूरचे विठ्ठलमंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर दिसू लागते आणि आपण ते पाहायला सहकुटुंब जातो. त्या मंदिराभोवतीची माणसे कोठे गेली, हा प्रश्न मला 'रिंगाण' वाचेपर्यंत कधी पडला नव्हता, हे कबूल करते. तुळजापूरचे देविदास सौदागर ह्यांची 'उसवण' ही लहानशी कादंबरीही घ्यावी. लेखक स्वतः शिंपी. तयार कपड्यांच्या लाटेत शिलाई यंत्रावरचे पोट कसे उसवते ते त्यांनी लिहिले आणि 2024 सालचा अकादमीचा युवा पुरस्कार मिळविला. आपल्या गल्लीतील टेलर नव्या शाळा-गणवेशांच्या दिवसांत रिकामा का बसलेला असतो, हे त्यानंतर वेगळे विचारावे लागत नाही.

कन्नडमधून आलेल्या पुस्तकांसाठी मात्र बेळगावने अभिमान बाळगावा. एस. एल. भैरप्पा 2025 साली निवर्तले. त्यांच्या कादंबऱ्या मराठी घराघरांत नेल्या त्या उमा कुलकर्णी ह्यांनी, आणि त्या मूळच्या बेळगावच्या. 'वंशवृक्ष'च्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे. त्यांच्या कामाची रीत मला फार आवडते. पती विरुपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून ध्वनिफितीवर घेत, आणि उमाताई ते ऐकून मराठीत उतरवीत. त्यांचे 'संवादु अनुवादु' हे आत्मकथन तरी वाचावे; दोन भाषांचा संसार एका घरात कसा चालतो ते त्यात आहे.

पुस्तके मिळावीत कोठे? बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 पासून उभे आहे. वर्गणी एका चित्रपटाच्या तिकिटाच्या मानाने जड नाही. हिवाळ्यात कडोली, उचगाव, कारदगा येथे मराठी साहित्य संमेलने भरतात, तेथे पुस्तकांची दुकाने लागतात. भाषणे ऐकून रिकाम्या हाताने परतणारे बरेच दिसतात. माझ्या घरी नाताळाला कुलकुल आणि नेवऱ्यांच्या ताटाबरोबर प्रत्येक मुलाच्या हाती एक पुस्तक ठेवण्याची रीत आम्ही पाडली आहे. पहिल्या वर्षी मुले हिरमुसली. आता यादी आधीच येते.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाने नेलेला 'वनवास' अजून परत आलेला नाही. मध्ये एकदा त्याची आई बाजारात भेटली. मी विचारण्यापूर्वी तीच म्हणाली, "बाई, पुस्तक देतो हं परत. रात्री तो वाचतो, आम्ही ऐकतो. त्याच्या आजीचं ऐकून व्हायचंय अजून." मी दुसरी प्रत विकत घेतली आहे.